तुमचं पुस्तक त्याच्या हातात कोंबू नका

या वेळचं पत्र एका आईचं आहे. थोडं छोटं करून देतेय, शब्द मात्र त्यांचेच.

"ताई, लहानपणी मी हाताला लागेल ते वाचायचे. नऊ वर्षांची असताना एका नातेवाइकांच्या माळ्यावर एक पुस्तक सापडलं, कव्हर फाटलेलं, समुद्रावरच्या साहसाचं, कुठल्या तरी परदेशी गोष्टीचं भाषांतर. त्या सुट्टीत मी ते चार वेळा वाचलं आणि जो नाद लागला तो लागलाच. आता चाळिशी उलटलीय. गेल्या वर्षी खूप शोधाशोध करून त्याच पुस्तकाची प्रत मिळवली आणि मुलाला दहाव्या वाढदिवसाला दिली. त्याने सहा पानं वाचली आणि ठेवून दिलं. मी रोज विचारते, किती झालं, पुढे काय झालं, तर तो चिडतो. शेवटी मीच वाचायला घेतलं, तर मलाही ते सपक वाटलं. मला रडूच आलं. ज्या पुस्तकाने मला वाचायला लावलं ते मुळात इतकं साधं होतं का? आणि खरं सांगते, गेली पाच-सहा वर्षं मीही एक पुस्तक धड पूर्ण केलेलं नाही, सतत फोन हातात असतो. मुलगा तर घरी असला की एक भलामोठा अ‍ॅटलास घेऊन जमिनीवर पालथा पडलेला, गोष्टीच्या पुस्तकाकडे ढुंकून बघत नाही. त्याला गोडी कशी लावू? आणि ते पुस्तक आता कुठे ठेवू, त्याच्या कपाटात की माझ्या? - एकेकाळी वाचनवेडी होते अशी एक आई."

अहो, तुमच्या सहीतला तो 'होते' मला फार लागला. त्याच्याकडे नंतर येते, पण आधी त्या रडण्याबद्दल बोलू, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि मला वाटतं तुमचं खरं दुखणं तेच आहे.

तुम्हाला असं वाटतंय की आपण इतकी वर्षं एका साध्याच गोष्टीला डोक्यावर घेऊन फिरलो. तसं नाहीये. तुमच्याच पत्रातलं ते माळ्याचं वाक्य परत वाचून बघा. पुस्तकाला कव्हर नव्हतं, म्हणजे लेखक कोण, कुठल्या वयाच्या मुलांसाठी, चांगलं की वाईट, काहीच माहीत नव्हतं. कोणी हातात दिलं नव्हतं, वाच म्हणून मागे लागलं नव्हतं, वाचून झाल्यावर काय शिकलीस असं विचारलं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात अशा किती गोष्टी असतात हो, ज्या तिच्या तिने शोधल्या आणि ज्यांच्याबद्दल तिला कोणालाही हिशेब द्यायचा नसतो? त्या माळ्यावर तुम्हाला पुस्तक सापडलं ते खरंच, पण त्याच्यासोबत एक कुलूप लावता येईल अशी जागाही सापडली. गोष्ट साधी असेलही. जागा साधी नव्हती.

माझंही असंच एक पुस्तक आहे, त्याचं सांगते, कारण तुमचा प्रश्न मी स्वतः भोगलेला आहे. पूर्वीची शिवलेली पुस्तकं कशी असायची माहितीय ना, मोठा कागद छापून घडी घातली की त्याची सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायचे. दोरा कुजला की एक-दोन पानं सुटत नाहीत, अख्खा फर्माच गळून पडतो. माझ्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा गळालेला होता. २४० व्या पानावर सगळ्यात खाली शेवटचे शब्द होते, "आणि दार उघडताच". बस. पुढे पुठ्ठा. त्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या कागदावर शाईचा एक डाग होता, तो सुद्धा मला आजही दिसतो, पसरट, एका बाजूला शेपूट आल्यासारखा.

मी दहा वर्षांची होते आणि पुढची दोन-तीन वर्षं रोज रात्री झोपताना मी ते दार उघडायचे. कधी आत हरवलेला भाऊ असायचा, कधी पाणी भरलेलं असायचं, कधी दाराच्या मागे दुसरं दार, एकदा तर मी स्वतःच आत बसलेली होते. दिवसा मग मी इतर पुस्तकं वाचायला लागले ती खरं तर त्या दारामागे ठेवायला काहीतरी मिळावं म्हणून. माझं वाचन सुरू झालं ते असं. खूप वर्षांनी, तिशीत, मला त्या पुस्तकाची धडधाकट प्रत मिळाली, उभ्या उभ्या २४१ वं पान उघडलं. दार उघडताच आत कोणी नव्हतं. खोली रिकामी, टेबलावर एक चिठ्ठी, आणि पुढच्या चौदा पानांत सगळ्यांनी एकमेकांना सगळं समजावून सांगितलेलं. मला तुमच्यासारखंच वाटलं, पोटात खड्डा पडल्यासारखं. पण मग दोन दिवसांनी लक्षात आलं की माझी ती सगळी दारं शाबूत आहेत. लेखकाने त्याच्या वाटचं केलं होतं, मी माझ्या वाटचं केलं होतं, आणि माझ्या वाटचं जे होतं ते त्या नव्या प्रतीत छापलेलं असणारच नव्हतं, ते कसं सापडेल तिथे?

मुलं हे करतातच, सगळीकडची मुलं करतात. 'पिनोकिओ'चं बघा ना. कार्लो कोल्लोदीने ती गोष्ट १८८१ मध्ये मुलांच्या एका इटालियन साप्ताहिकात क्रमशः लिहायला घेतली आणि पंधराव्या प्रकरणात त्या लाकडी बाहुल्याला झाडाला फाशी दिलं. संपलं. पण वाचणाऱ्यांना आणि संपादकांना ते काही मान्य झालं नाही, इतका आग्रह झाला की त्याला पुढे लिहावं लागलं, आणि आज जी सगळ्यांना माहीत आहे ती पूर्ण गोष्ट पुस्तक म्हणून १८८३ मध्ये आली. म्हणजे आपण ज्याला पिनोकिओ म्हणतो त्याचा अर्ध्याहून जास्त भाग लेखकाने ठरवलेल्या शेवटाच्या पुढचा आहे.

तेव्हा ते पुस्तक परत एकदा उघडा, पण सलग वाचू नका. नऊ वर्षांच्या तुम्ही कुठल्या पानावर थांबायचात ते शोधा. चार वेळा वाचलं म्हणताय म्हणजे एखादं पान असं नक्की असणार जिथे दर वेळी अंगावर काटा यायचा. ते एकच पान वाचा आणि पुस्तक मिटा. मला वाटतं तेवढं पुरेल.

आता मुलगा.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातले दोन मला कायम आठवतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ग्रंथपालांसाठी लिहिलेले नियम आहेत, पण आईवडिलांनीही फ्रीजवर लावून ठेवावेत असे आहेत. 'त्याचं' पुस्तक म्हटलंय, 'आईचं' नाही. तुमच्या पुस्तकाला त्याचा वाचक केव्हाच मिळाला, त्या माळ्यावर. आता त्या पुस्तकाने परत एकदा तसंच करून दाखवावं आणि तेही वाढदिवसाच्या कागदात गुंडाळून, सगळ्यांच्या देखत, आईच्या डोळ्यांत एवढी आशा असताना, हे त्या पुस्तकाला पण जड आहे आणि पोराला तर फारच. त्याने सहा पानं वाचली ही मला उलट त्याची माया वाटते. आपल्या आईला काय हवंय ते त्याला कळलं होतं, त्याने प्रयत्न केला.

आणि मुख्य म्हणजे तो वाचतोय! तुम्ही पत्रात लिहिलंय की तो अ‍ॅटलास घेऊन पालथा पडलेला असतो, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय आणि मी ते वाचून खूश झाले. अहो, नकाशा वाचणं हे वाचणंच आहे. सूची बघायची, प्रमाण बघायचं, एक इंचाला किती मैल ते मनात धरायचं, अक्षांश-रेखांशांवरून मागे जाऊन गाव शोधायचं, तोंडात न बसणारी नावं पुटपुटायची, आणि मग बोट ठेवून एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं. बोट ठेवून जाताना त्याच्या डोक्यात जहाज नसेल असं तुम्हाला वाटतं का? गोष्टच चालू आहे तिथे, फक्त ती कोणी लिहून दिलेली नाही.

यावर माझी एक आवडती हकीकत आहे. 'ट्रेझर आयलंड' हे पुस्तक नकाशातून आलंय. १८८१ साली त्याचा लेखक स्टीव्हन्सन कुटुंबासोबत स्कॉटलंडमध्ये सुट्टीला होता, बाहेर पाऊस, घरात अडकलेले सगळे, आणि शाळकरी वयाच्या सावत्र मुलाबरोबर रंगांशी खेळता खेळता एका बेटाचा नकाशा तयार झाला. त्या नकाशाकडे बघता बघता स्टीव्हन्सनला झाडीतून माणसं दिसायला लागली, आणि त्याने रोज साधारण एक प्रकरण या वेगाने लिहायला घेतलं. लिहिलेलं तो घरात मोठ्याने वाचून दाखवायचा, ऐकायला तो मुलगा आणि स्टीव्हन्सनचे म्हातारे वडील, दोघेही तितकेच रंगलेले. पुढे १८८३ मध्ये पुस्तक छापायच्या वेळी तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला आणि त्याला आपलीच गोष्ट पानोपान तपासून, कुठे काय म्हटलंय ते जुळवून नवा नकाशा काढावा लागला. तो नवा नकाशा त्याला कधीच पहिल्यासारखा वाटला नाही, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मला यातलं ते आधी नकाशा मग गोष्ट हे फार आवडतं, आणि तुमच्या घरात आत्ता नेमकी तीच पायरी चालू आहे असं मला वाटतं.

म्हणून गोडी 'लावायची' गरजच नाहीये, ती लागलेली आहे. तुम्ही फक्त तिच्या आड येऊ नका. रोज विचारणं बंद करा, किती झालं, काय झालं पुढे, कळलं का. हे प्रश्न प्रेमाने विचारलेले असतात ते मला कळतं, पण ज्याला विचारतो त्याला ते उलटतपासणीसारखे लागतात. दानिएल पेनाक म्हणून फ्रेंच लेखक आहे, बरीच वर्षं शाळेत शिकवायचा, त्याने १९९२ मध्ये वाचणाऱ्याचे दहा हक्क लिहिले. त्यात न वाचण्याचा हक्क आहे, पानं गाळायचा आहे, पुस्तक अर्धवट सोडायचा आहे, परत परत वाचायचा आहे, काहीही वाचायचा आहे, आणि सगळ्यात शेवटी, दहावा, गप्प बसायचा हक्क. म्हणजे वाचलेल्याबद्दल काही न बोलण्याचा. तुम्हाला माळ्यावर हा दहावा हक्क आपोआप मिळाला होता. मुलाला तो मिळालेला नाही एवढंच झालंय.

मग करायचं काय, तर दोनच गोष्टी सांगते.

एक, त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसा. कधीतरी, दहा मिनिटं. काही शिकवू नका, सुधारू नका, फक्त म्हणा, मला एक समुद्रातला रस्ता दाखव ना, सगळ्यात लांबचा. आणि तो दाखवेल तो बघा. पहिल्या दिवशी नाही दाखवणार कदाचित, कारण सध्या त्याला तुमच्या प्रत्येक प्रश्नाच्या मागे ते पुस्तक दिसत असणार. थोडे दिवस जाऊ द्या. तुमच्या पुस्तकाचा विषय निदान महिनाभर तोंडातून काढू नका.

दोन, वाचून दाखवा. तो दहा वर्षांचा आहे, स्वतः वाचू शकतो, म्हणून बहुतेक घरी या वयात वाचून दाखवणं बंद होतं आणि मला ते अगदी चुकीचं वाटतं. या वयात मुलांना स्वतः वाचून जे झेपतं त्यापेक्षा कितीतरी अवघड आणि सुंदर गोष्ट ऐकून झेपते, डोळ्यांना वाक्य जड जातं पण कानाला जात नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' रात्रींच्या हिशेबात मांडलीय, रात्र पहिली, रात्र दुसरी अशी, कारण ते सांगणंच आहे, एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी कोंडाळं करून ऐकायचं. तुम्ही रात्री वीस मिनिटं घ्या. सुरुवात कशाने करावी असं विचाराल तर तुमच्या मुलासाठी माझ्या मनात एकच नाव येतंय, ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायची गोष्ट. १८७२ मध्ये ती फ्रान्समध्ये रोजच्या वर्तमानपत्रात क्रमशः आली होती, त्यामुळे प्रत्येक प्रकरण बरोबर नको तिथे थांबतं. मराठीत व्हर्न आणायचं मोठं काम भा. रा. भागवतांनी केलं, तेच आपल्या फास्टर फेणेवाले भागवत, तेव्हा भाषेला पळायची सवय आहे. वाचताना अ‍ॅटलास उघडा ठेवा आणि तो त्याच्या ताब्यात द्या. लंडन, सुएझ, मुंबई, कलकत्ता, हाँगकाँग, योकोहामा, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, तुम्ही वाचायचं आणि त्याने बोट पुढे न्यायचं. शेवट सांगत नाही, पण सतत पूर्वेकडे जात राहिलं की काय होतं हे कदाचित त्याला तुमच्या आधी कळेल, आणि ते त्याला तुमच्या आधी कळू द्या. कळलं तरी माहीत नसल्याचं नाटक करू नका हं, मुलांना ते लगेच समजतं. खरंच विसरला असाल तर उत्तम.

नाही आवडलं तर दोन प्रकरणांवर सोडून द्या. अर्धवट सोडायचा हक्क वाचून दाखवणाऱ्यालाही आहे.

आणि आता तो 'होते'. पाच-सहा वर्षांत एक पुस्तक पूर्ण झालं नाही म्हणून तुम्ही स्वतःला भूतकाळात टाकलंत. माझ्याकडे येणाऱ्या किती पत्रांत हे असतं सांगू, आणि लिहिणारे सगळे असं लिहितात की जणू त्यांनी कोणाचा तरी विश्वासघात केलाय. फोन आहे हे खरंच आहे. वाचायला बसलं की दर दोन पानांनी हात तिकडे जातो, आणि तो शेजारी नुसता पडलेला असला तरी मन अर्धं तिथे असतं, म्हणून वाचताना तो दुसऱ्या खोलीत ठेवा, उलटा करून शेजारी ठेवणं उपयोगाचं नाही, मी करून बघितलंय. पण मला विचाराल तर फोनपेक्षा मोठी अडचण ही आहे की तुम्ही मोठेपणी 'वाचायला हवं' अशी पुस्तकं घेऊन बसत असणार. नऊ वर्षांची असताना तुम्ही 'हवं' म्हणून एक पानही वाचलं नव्हतं. तुम्हाला जे खरंच वाचावंसं वाटतं ते घ्या, ते हलकंफुलकं असो, शंभर पानांचं असो, लहान मुलांचं असो, आधी चार वेळा वाचलेलं असो. रात्री मुलाला वाचून दाखवाल ना, ते सुद्धा तुमचं वाचनच धरा, मोठ्याने वाचताना पानं गाळता येत नाहीत आणि फोनही बघता येत नाही, तेव्हा महिन्याभराने तुमचं एक पुस्तक पूर्ण झालेलं असेल आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही. माझ्या बाबतीत ती बसून वाचायची सवय अशीच परत आली होती, घरातल्या एका आजारी माणसाला रोज वाचून दाखवता दाखवता.

राहिला कपाटाचा प्रश्न. ते पुस्तक तुमच्या कपाटात ठेवा. ते तुमचं आहे, त्याच्याकडे ठेवलंत तर ते रोज त्याच्याकडे बघत राहील. मात्र खालच्या फळीवर ठेवा, त्याचा हात पोचेल अशा ठिकाणी, आणि नव्या प्रतीला चकचकीत कव्हर असेल तर ते काढून तुमच्याजवळ ठेवून द्या. तो कधी खाली बसून काही शोधत असेल आणि ते काढून बघत असेल, तर तुम्ही त्या खोलीत जाऊ नका.